पुस्तक परीक्षणासाठी पुस्तक कसं निवडायचं? मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

पाचवी ते आठवीच्या मुलांनी लिहिलेली पुस्तक परीक्षणं मी अनेक वर्षं तपासत आलेय. लाल पेन हातात धरून एक गोष्ट कळली. परीक्षण बिघडतं ते लिहायला बसल्यावर नाही, त्याच्या दोन आठवडे आधी, पुस्तक हातात घेतानाच. न झेपलेल्या किंवा अर्ध्यावर टाकलेल्या पुस्तकावर दोन पानं लिहायची म्हणजे पाणी घुसळून लोणी काढायचं. म्हणून इथे लिहिण्याबद्दल कमी आणि निवडण्याबद्दल जास्त आहे. उत्तरं मुलांना उद्देशून आहेत, त्यामुळे 'तू'. पालकांचे प्रश्न अधूनमधून येतील, तिथे 'तुम्ही'.

सुरुवात कुठून करू?

वहीपासून. कपाट नंतर. शिक्षकांनी काय सांगितलंय ते तू वहीत उतरवून घेतलेलं असतं, ते शांतपणे पुन्हा वाच. कादंबरीच हवी की चरित्रही चालेल? किमान पानं किती? पुस्तक कोणत्या भाषेतलं? नाव आधी दाखवून घ्यायचंय का? द्यायची तारीख कोणती? एका मुलाने भुतांच्या गोष्टींवर इतकं झकास परीक्षण लिहिलं होतं की मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. विषय मात्र होता 'एखादं चरित्र'. बिचाऱ्याला पुन्हा लिहावं लागलं, आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं अगदीच सपक उतरलं.

परीक्षण म्हणजे गोष्ट थोडक्यात लिहायची ना?

तो एक भाग झाला, आणि तोही लहान. पुस्तकात काय आहे, लेखकाने ते कसं सांगितलंय आणि तुला त्याबद्दल काय वाटतं, या तीन गोष्टी वाचणाऱ्याला हव्या असतात. गाडी अडते ती तिसऱ्या ठिकाणी. 'मला हे पुस्तक खूप आवडले. सर्वांनी ते जरूर वाचावे.' ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा वाचलीत की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. का आवडलं ते लिहिलेलं नसतं, कारण पुष्कळदा आवडलेलंच नसतं. पुस्तक निवडताना हा 'का' डोक्यात ठेव, पुढचं बरंचसं सोपं होतं.

मग माझ्यासाठी योग्य पुस्तक ओळखायचं कसं?

माझी कसोटी एकच आहे. पुस्तकाची पहिली वीस-पंचवीस पानं वाच. त्यातलं एखादं पान उघडून कुणाला तरी "हे बघ, इथे काय झालंय" असं दाखवावंसं वाटतं का? वाटलं तर पुस्तक घे. नाही वाटलं तर ठेव, मग ते कितीही नावाजलेलं असो.

असं पान म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी 1883 साली पुस्तकरूपात आली. जिम हॉकिन्स नावाचा मुलगा खजिना शोधायला निघालेल्या जहाजावर आहे. जहाजाचा स्वयंपाकी लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा, पोपट पाळणारा, गप्पिष्ट माणूस. जिमला तो मनापासून आवडतो, आणि वाचणाऱ्यालाही. एका संध्याकाळी काम आटोपल्यावर जिमला सफरचंद खावंसं वाटतं. पिंप जवळजवळ रिकामं झालंय, म्हणून तो सरळ आतच उतरतो. आत अंधार, बाहेर पाण्याचा आवाज, जहाजाचं डोलणं. त्याला डुलकी लागत असते. तेवढ्यात कुणीतरी भारी देहाचा माणूस पिंपाला टेकून बसतो, पिंप हलतं. जिम उडी मारून बाहेर येणार, इतक्यात तो माणूस बोलायला लागतो. आवाज सिल्व्हरचा असतो. आणि दहा-बारा शब्द कानावर पडताच जिमला कळतं की आता काही झालं तरी डोकं वर काढायचं नाही.

हा दहाव्या प्रकरणाचा शेवट. आता यावर लिहिण्यासारखं काय आहे बघ. लेखकाने जिमला दाराआड न ठेवता पिंपात का बसवलं? त्याला काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि आपल्यालाही तेवढंच. सिल्व्हर गोड बोलून जिमला फसवत होता, तसंच लेखकाने आपल्यालाही फसवलं का? सगळं कळल्यावरही सिल्व्हर पूर्णपणे नावडता का होत नाही? या एका पानातून तुझ्या परीक्षणाचा अर्धा मजकूर उभा राहतो.

आणि ते पान आवडलेलंच असावं असं अजिबात नाही. एखाद्या पात्राचा राग आला, शेवट पटला नाही, 'ही मुलगी खोटं का बोलली?' असं वाटत राहिलं, तर उलट बरं. ज्या पुस्तकाशी आपलं भांडण होतं त्यावरचं लिखाण जिवंत असतं. गुळगुळीत कौतुकापेक्षा मला ते केव्हाही वाचायला आवडतं.

ग्रंथालयात शेकडो पुस्तकं असतात. गेल्यावर गोंधळायला होतं.

सगळी बघायचीच नसतात. जाण्याआधी एक विषय ठरव: समुद्र, क्रिकेट, हेर, कुत्रा, अंतराळ, काहीही. बऱ्याच ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई यांनी 1876 साली मांडलेली दशांश पद्धत वापरतात, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. तिथे लोककथा 398 वर, विज्ञानाची पुस्तकं 500 च्या घरात, खेळ 796 वर आणि चरित्रं साधारण 920 वर सापडतात. कथा-कादंबऱ्या बहुधा वेगळ्या कपाटात, लेखकाच्या नावाने लावलेल्या असतात.

चार-पाच पुस्तकं काढ आणि खाली बसून चाळ. उभ्याने निवडू नकोस, उभ्याने माणूस मुखपृष्ठच निवडतो. आणि ग्रंथपालांशी बोल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे त्यांतले दोन. म्हणजे तुला पुस्तक शोधून देणं हे ग्रंथपालांचं कामच आहे, तू त्यांना त्रास देत नसतोस. फक्त "चांगलं पुस्तक द्या" म्हणू नकोस. "मागच्या वेळी अमुक वाचलं, त्यातला पाठलाग आवडला, वर्णनं कंटाळवाणी वाटली" एवढं सांगितलंस की त्यांचा हात नेमक्या कप्प्याकडे जातो.

पुस्तक माझ्यासाठी अवघड आहे का, हे आधी कसं कळणार?

पाच बोटांची कसोटी लाव. मधलं एखादं भरगच्च पान उघड आणि वाचायला लाग. अर्थ न कळलेला शब्द आला की एक बोट दुमड. पान संपेपर्यंत शून्य किंवा एक बोट दुमडलं तर पुस्तक सोपं. दोन-तीन म्हणजे बरोबर मापाचं. चार म्हणजे जरा दमवेल. पाचही दुमडली तर सध्या राहू दे, पुढच्या वर्षी घे.

माणसांची, गावांची नावं यात मोजायची नाहीत. आणि बोलीभाषेतल्या संवादांसाठी थोडी सूट द्यायची. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तले धनगर ज्या बोलीत बोलतात ती पहिल्या दोन-तीन पानांत अडखळायला लावते, मग कान सरावतो. तिथे बोटं मोजून पुस्तक परत ठेवलंस तर तोटा तुझाच. मोठ्याने वाचून बघ, बोली डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते.

किती पानांचं पुस्तक घ्यावं?

याचं उत्तर पुस्तकात नाही, घड्याळात आहे. एखादं पुस्तक घे, दहा मिनिटं नेहमीच्या वेगाने वाच आणि पानं मोज. समज सहा झाली. आता तारखेकडे बघ. परीक्षण बारा दिवसांनी द्यायचंय, तर त्यातले चार दिवस लिहिण्यासाठी आणि पक्कं करण्यासाठी बाजूला काढ. उरले आठ. पुस्तक 180 पानांचं असेल तर रोज साडेबावीस, म्हणजे तेवीस पानं. तुझ्या वेगाने ती जवळजवळ चाळीस मिनिटं झाली. रोज चाळीस मिनिटं मिळतात का? खरं सांग. क्लास, खेळ, पाहुणे धरून. मिळत नसतील तर 120 पानांचं पुस्तक शोध: रोज पंधरा पानं, पंचवीस मिनिटं.

हा हिशेब करायला दोन मिनिटं लागतात, पण तो कुणी करत नाही. मग शेवटच्या रात्री 110 पानं उरतात.

पातळ पुस्तक घेतलं तर बाईंना वाटेल की मी पळवाट काढली.

पातळ आणि सोपं हे दोन वेगळे शब्द आहेत. जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' (1945) अवघ्या दहा प्रकरणांची आहे. दोन बैठकांत संपते. पण प्राण्यांनी स्वतः केलेले नियम कोण, कधी, कसे बदलतं, हे नीट लिहायला बसलास तर वही पुरत नाही. सेंत-एक्झ्युपेरीचा 'छोटा राजपुत्र' (1943) त्याहून लहान आहे आणि त्याच्याबद्दल मोठी माणसंसुद्धा अजून वाद घालतात.

जाड पुस्तकाने छाप पडते हा भ्रम आहे. सातवीत असताना मी स्वतः एक ठोकळाभर चरित्र उचललं होतं. वर्गात ते काखेत घेऊन हिंडण्यात मोठी ऐट वाटायची. वाचून झाली तीस-चाळीस पानं. परीक्षणात मी चरित्रनायकाचं बालपण फार रंगवून लिहिलं, कारण मी तिथवरच पोहोचले होते. सरांनी काही न बोलता शेजारी एवढंच लिहिलं: 'मग हे मोठे झाले का?'

सिनेमा पाहिलाय. त्याच पुस्तकावर लिहू?

लिही, पण पुस्तक वाचूनच. सिनेमा बघून लिहिलेलं ओळखू येतं, आणि तेही फार पटकन. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर'वर लिहिताना मुलं हमखास बलूनचं वर्णन करतात. फिलिअस फॉग आगगाड्या, जहाजं, हत्ती, बर्फावरून शिडाने पळणारी घसरगाडी असं बरंच काही वापरतो, पण कादंबरीत तो बलूनमधून प्रवास करत नाही. ते बलून 1956 च्या सिनेमातलं. तसंच मेरी शेलीच्या कादंबरीत (1818) फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्या तरुणाचं आहे. त्या जीवाला पुस्तकभर नावच मिळत नाही. आणि 'विझर्ड ऑफ ऑझ'च्या मूळ पुस्तकात (1900) डोरोथीचे जोडे चांदीचे आहेत. ते माणकाचे झाले 1939 च्या सिनेमात.

हे फरक शिक्षकांना माहीत असतात. पण तूच ते शोधून परीक्षणात मांडलेस तर? सिनेमा पाहिला असणं हा मग फायदा ठरतो. दिग्दर्शकाने अमुक प्रसंग का बदलला असेल, पुस्तकातला का बरा किंवा सिनेमातला का बरा, यावर एक चांगला परिच्छेद होतो. वर्गात तो बहुधा तुझ्याकडेच असेल.

अनुवादित पुस्तक चालतं का? आणि 'संक्षिप्त' असेल तर?

अनुवाद बिनधास्त घे. फक्त मूळ लेखकासोबत अनुवादकाचंही नाव लिही. ते विसरणं हा उद्धटपणा आहे असं माझं मत आहे.

संक्षिप्त आवृत्तीचं प्रकरण वेगळं. जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (1726) चार सफरी आहेत. मुलांसाठी छापलेल्या अनेक आवृत्त्यांत बोटभर माणसांचा लिलिपुट आणि फार तर राक्षसी उंचीच्या माणसांचा देश एवढंच असतं. उडतं बेट आणि शहाण्या घोड्यांचा देश गळून जातात. अशी आवृत्ती वाचून 'ही विनोदी, साहसी गोष्ट आहे' असं लिहिलं तर ते तू वाचलेल्या पुस्तकापुरतं खरं आहे, स्विफ्टच्या पुस्तकाबद्दल नाही. म्हणून पहिली दोन पानं उलटून बघ: 'संक्षिप्त', 'रूपांतर', 'मुलांसाठी सोप्या भाषेत' असं कुठे छापलंय का? असेल तर शिक्षकांना विचार आणि परीक्षणातही तसं स्पष्ट लिही. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

त्याच पानावर पहिल्या आवृत्तीचं सालही सापडतं. बरीच मुलं पुनर्मुद्रणाचं साल उचलतात आणि मग शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक गेल्या वर्षी लिहिलं गेल्याचं जाहीर होतं.

चरित्र, आत्मचरित्र, डायरी यांवर लिहिणं अवघड असतं का?

वेगळं असतं. कादंबरीत लेखक शेवट ठरवून गोष्ट रचतो, डायरी लिहिणाऱ्याला उद्याचं काहीच माहीत नसतं. अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीला तेराव्या वाढदिवसाला डायरी मिळाली. पहिली नोंद 12 जून 1942 ची, शेवटची 1 ऑगस्ट 1944 ची. त्यानंतर तीनच दिवसांनी नाझींपासून लपलेल्या तिच्या कुटुंबाला लपण्याच्या जागेतून पकडून नेलं. युद्धानंतर, 1947 मध्ये, तिच्या वडिलांनी ती डायरी प्रसिद्ध केली. म्हणजे पुस्तकाला लेखिकेने दिलेला शेवट नाही. ते मध्येच थांबतं. आपल्याला पुढचं माहीत असतं आणि तिला नसतं, याचा वाचताना काय परिणाम होतो? 'कथानकाचा उत्कर्षबिंदू सांगा' या छापाच्या मुद्द्यांपेक्षा असा प्रश्न इथे जास्त कामाचा.

अशी पुस्तकं घेताना आधी शिक्षकांनी दिलेले मुद्दे तपास. 'पात्रं, कथानक, वातावरण' असे ठरीव मथळे असतील तर डायरीला ते मारूनमुटकून बसवावे लागतील. डॉ. कलाम यांचं 'अग्निपंख' (मूळ इंग्रजी पुस्तक 1999 चं) घेणाऱ्यांना एक सूचना: संपूर्ण आयुष्य लिहू नकोस. एखादं अपयश निवड आणि त्यानंतर त्यांनी काय केलं तेवढंच खोलात जाऊन सांग.

माहितीपर पुस्तकासाठी याहून सोपी युक्ती आहे. वाचण्याआधी त्या विषयाबद्दल तुला काय वाटतं ते चार ओळींत लिहून ठेव. वाचून झाल्यावर त्यातलं काय चुकीचं निघालं ते बघ. परीक्षण तयार.

कथासंग्रह घेतला तर सगळ्या कथांवर लिहायचं?

नाही. दोन किंवा तीन, पण एकमेकींशी बोलणाऱ्या. 'श्यामची आई' हा जुना, ओळखीचा नमुना घे. साने गुरुजींनी ते रात्रींमध्ये विभागलंय, श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. एकूण 42 रात्री. सगळ्यांचा सारांश द्यायला गेलास तर प्रत्येकीच्या वाट्याला दीड ओळ येईल. त्यापेक्षा आई रागावलेली एक रात्र आणि आई हरलेली एक रात्र समोरासमोर ठेव.

कवितासंग्रहालाही हेच लागू. एक कविता पाठ झाली असेल तर फारच छान.

(पालक) मुलगा चित्रकथांशिवाय काही वाचत नाही. परीक्षणासाठी ती चालेल का?

शाळेला विचारा, पण माझं वैयक्तिक मत 'हो'. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस' या चित्रकथेला 1992 साली विशेष पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, त्यामुळे चित्रांतून सांगितलेलं म्हणजे हलकं, हा मुद्दा निकालात निघालाय. ('माउस' छळछावण्यांबद्दल आहे. सहावीच्या मुलाच्या हातात देण्याआधी तुम्ही वाचा.) चित्रकथेवर लिहायचं तर चित्रांवरही लिहावं लागतं, एवढं मुलाला सांगा. कोणत्या चौकटीत शब्दच नाहीत? तिथे चित्रकाराने का थांबवलं? कुठे एकच चित्र अख्खं पान व्यापतं? हे बघायला लागलं की चित्रकथा वाचण्याचा वेग एकदम कमी होतो आणि 'हे काय, पंधरा मिनिटांत संपलं' ही तक्रारही मिटते.

मालिकेतलं पुस्तक घेऊ का?

आधी ठरव की ती कोणत्या जातीची मालिका आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची साहसं सुटी सुटी वाचता येतात, कुठलंही उचल. पण 'हॅरी पॉटर'सारख्या मालिकेत गोष्ट पुढे पुढे सरकते. तिथे पहिलं पुस्तक (1997) घेणंच शहाणपणाचं. पाचवं किंवा सहावं घेतलंस तर मागच्या घटना समजावण्यात दोन परिच्छेद जातील, शिवाय ती जाडजूड आहेत.

आधी वाचलेलं पुस्तक घेतलं तर ती लबाडी आहे का?

शिक्षकांनी 'नवीन वाच' असं सांगितलं नसेल तर नाही. पण पुन्हा वाच. चौथीत वाचलेलं पुस्तक सातवीत तेच राहत नाही, आणि तेव्हा काय वाटलं होतं नि आता काय वाटतं यातला फरक हा लिहिण्याजोगा ऐवज आहे.

पुरस्कार मिळालेलं पुस्तक घेतलं की प्रश्न मिटला, नाही का?

यादी लहान करायला पुरस्कार उपयोगी पडतात. मुलांच्या पुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक 1922 पासून दिलं जातं, आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून. पण निवड समितीत मोठी माणसं असतात. त्यांना भावलेलं पुस्तक तुला भावेलच असं नाही. पुरस्काराचा शिक्का बघून कपाटातून बाहेर काढ. घरी न्यायचं की नाही ते वीस पानं वाचून ठरव.

अर्ध्यावर कंटाळा आला. बदलू का?

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा 50 पानांचा नियम आहे: पन्नास पानं दे, मग हवं तर सोड. (वय पन्नासच्या पुढे गेलं की शंभरातून वय वजा करायचं, तेवढी पानं पुरेत. मला हा नियम वयानुसार जास्तच आवडायला लागलाय.) तुझं पुस्तकच दीडशे पानांचं असेल तर तीस पानं बास.

पण आधी कंटाळ्याची जात ओळख. सुरुवातीला नावं, नाती, जागा कळत नाहीत म्हणून आलेला कंटाळा कागदावर पात्रांची नावं लिहून काढली की जातो. प्रत्येक वाक्यावर अडखळायला होत असेल तर पुस्तक अवघड आहे, बदल. सगळं कळतंय आणि तरीही पुढे काय होणार याची काडीचीही पर्वा वाटत नाही, तर तेही बदल. मात्र हे सगळं हातातल्या दिवसांचा पहिला तिसरा भाग संपायच्या आत. त्यानंतर बदललंस तर नवीनही अर्धंच राहील. उशीर झालाच असेल तर आहे तेच संपव आणि 'मला हे का कंटाळवाणं वाटलं' यावर प्रामाणिकपणे लिही. पानं दाखवून. 'बोअर आहे' हे परीक्षण नव्हे. 'पहिल्या चार प्रकरणांत नायक एकही निर्णय स्वतः घेत नाही' हे परीक्षण.

(पालक) पुस्तकात मृत्यू, हिंसा, घरातली भांडणं आहेत. देऊ का?

विषयापेक्षा मांडणी बघा. मृत्यू असणं वेगळं आणि त्याची चटक लावणं वेगळं. बारा वर्षांच्या मुलाला मृत्यू माहीत असतो, त्यावर बोलायला माणूस नसतो. तुम्ही तेच पुस्तक दोन दिवस पुढे राहून वाचलंत तर तो माणूस तुम्ही होऊ शकता. घरात नुकतंच काही घडलेलं असेल तर मात्र मुलाला आधी सांगा की यात असा प्रसंग आहे, आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

(पालक) निवड मीच करून दिली तर वेळ वाचेल ना?

तुमचा वाचेल. तुम्हाला लहानपणी भारावून टाकणारं पुस्तक मुलीला कोरडं वाटलं की दोघींचाही हिरमोड होतो, आणि त्या नादात ती पुस्तक परीक्षण नावाच्या गोष्टीवरच फुली मारते. पाच पुस्तकं समोर ठेवा आणि खोलीबाहेर जा. तिने त्यातलं एकही न घेता सहावं आणलं तर आनंद माना.

नेटवरचा सारांश किंवा एआयने लिहून दिलेलं वापरलं तर कळतं का?

कळतं. मी एकच प्रश्न विचारते: "तुझ्या प्रतीतलं आवडतं पान उघडून दाखव." वाचलेलं असेल तर हात आपोआप पुस्तकाच्या त्या भागाकडे जातो. नसेल तर मूल पहिल्या पानापासून उलटायला लागतं.

शिवाय या सारांशांत चुका असतात. पुस्तकात नसलेले प्रसंग ठासून सांगितलेले मी वाचलेत. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवणं हा याचाच जुना प्रकार. 'एक थरारक, मन खिळवून ठेवणारी कहाणी' अशी वाक्यं सहावीतलं कुणी बोलत नाही.

माझं पुस्तक वर्गात आणखी चौघांनी घेतलंय.

घेऊ देत. त्यांचं पान वेगळं असेल.

उद्या नाव द्यायचंय आणि दोन पुस्तकांत अडकलेय. काय करू?

आज रात्री दोन्ही उघड. घड्याळ लावून प्रत्येकी दहा मिनिटं वाच, मग मिटून ठेव आणि घरातल्या कुणाला तरी दोन्ही गोष्टी तोंडी सांग. एकीबद्दल सांगताना तू अडखळशील, 'म्हणजे तसं काही नाही, पण' असं म्हणशील. दुसरीच्या वेळी समोरचा "मग?" असं विचारेल आणि तुला पुढचं माहीत नसल्याचा राग येईल. ती घे. दोन्हींच्या वेळी सारखंच झालं तर पातळ घे.